धक्क्यावरची वरची खोली

रविवार, २ मार्च २०२५

कमिटीच्या मीटिंगहून आले आणि पर्स सोफ्यावर आपटली. विश्वासने न विचारता चहा टाकला. मी तो प्याले, पण राग काही खाली बसला नाही, म्हणून लिहायला घेतलंय. ऑफिसात बोलता येत नाही. घरात बोललं की लेक, अश्लेषा, कानात इअरफोन खुपसते. नवऱ्याला तरी एकच गोष्ट किती वेळा ऐकवायची?

तर, धक्का. जुरोंग ईस्टहून बसने थोडं पुढे गेलं की एक दुमजली भाड्याचं घर आहे, त्याला आमच्या मरीन कॉलेजची मुलं धक्का म्हणतात. बोटीवर काही वर्षं काढली की वरच्या परीक्षेसाठी आमची पोरं सिंगापूरला येतात. क्लास, लेखी, मग ओरल, असे सहा-आठ महिने जातात. तेवढा वेळ डोक्यावर छप्पर असावं म्हणून माजी विद्यार्थी हे घर चालवतात. पोरांसाठी. पोरी दिवसा येऊन अभ्यास करू शकतात, जेवू शकतात, सगळ्यांचं जेवण करू शकतात. राहू मात्र शकत नाहीत. मी क्लास टूला, म्हणजे त्याच वरच्या परीक्षेला, आले तेव्हा बून ले मध्ये एका बाईच्या इस्त्रीच्या टेबलाखाली गादी घालून झोपत होते, आणि रोज संध्याकाळी "चल, निघ आता, उशीर होईल" असं प्रेमाने म्हणत ही मंडळी मला दाराबाहेर काढत होती.

आता मे महिन्यात मोठं स्नेहसंमेलन आहे, म्हणून घराची डागडुजी करायची. मनोहर सरांनी, म्हणजे आमच्या अध्यक्षांनी, आराखडा मांडला. दिवाणखान्यात बार काउंटर. त्याच्यामागे जहाजाचं चाक. आजवरच्या अध्यक्षांच्या नावांची पितळी पाटी. न्हाणीघराचं पाणी स्वयंपाकघरात गळतंय, खाली टोप ठेवलाय, त्याबद्दल अवाक्षर नाही.

मी विचारलं, "आणि वरची खोली?"

वरची खोली म्हणजे सिनियर्स रूम. स्वतंत्र न्हाणीघर असलेली एकमेव खोली. पाहुण्या माजी विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेली. प्रत्यक्षात तिथे दुपारी मनोहर सर झोपतात. यांच्या कॉन्डोत काय एसी नाही? मागच्या वर्षी त्यांची बायको, चित्रावहिनी, वारल्यापासून तर जवळजवळ रोजच येतात, असं पोरं सांगतात. मोठा फ्लॅट रिकामा आणि साहेब इथे खोली अडवून बसलेत.

"ती मुलींना द्या," मी म्हटलं.

"अगं क्षिप्रा, मला काय आनंद आहे का? घरमालकीण ऐकत नाही. मुलं-मुली एकत्र नको म्हणते. माझा नाइलाज आहे."

नाइलाज! हा शब्द यांच्या तोंडात गोळीसारखा विरघळतो.


शनिवार, ८ मार्च

ऑफिसात कालच महिला दिनाचे गुलाबी कपकेक वाटून झाले. माझ्या हाताखाली सहा जहाजं आहेत, इंजिनं बंद पडली की मला फोन येतो, आणि एचआरवाली मला म्हणते, "यू आर सच अॅन इन्स्पिरेशन." मी कपकेक पाया लेबारच्या स्टेशनवर कचऱ्यात टाकला.

आज धक्क्यावर गेले. स्वयंपाकघरात, त्या गळक्या छताखाली, एक मुलगी टेबलावर पंपाची आकृती काढत बसली होती. तन्वी. आमच्याच कॉलेजची, क्लास टूला आलीय. राहते वुडलँड्सला, कुठल्याशा नर्सबाईंबरोबर खोली वाटून. येण्याजाण्यात रोजचे तीन तास जातात. मी विचारलं, "इथे खोली मिळाली तर?" ती म्हणाली, "बरं होईल, मॅडम," आणि पुन्हा पंपात डोकं घातलं.

प्रतीक म्हणून एक मुलगा आहे, सध्या घराचा कारभार तो बघतो. त्याला म्हटलं, तुम्ही पोरं काही बोलत का नाही? तो म्हणाला, "मॅडम, आमचं कोण ऐकतं? आम्ही सहा-आठ महिन्यांचे पाहुणे." यांच्यातही दम नाही.


शनिवार, १५ मार्च

तन्वीला जेवायला बोलावलं होतं. आमचं पुंगोल तिला फार लांब पडतं, पण आली. मी वालाचं बिरडं केलं होतं, तिने तीनदा घेतलं. मग अश्लेषा उठून आत गेली, विश्वास भांडी घासत होता, आणि तन्वी अचानक बोलायला लागली.

मागच्या जहाजावर सेकंड इंजिनिअर तिच्या मागे होता. आधी जोक, मग हात. वॉच, म्हणजे पाळी, संपली की काही ना काही काम काढून तिला एकटीला स्टोअरमध्ये पाठवायचा आणि मागून यायचा. चीफ इंजिनिअरला सांगितलं, तर तो म्हणाला, कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय, जरा सांभाळून घे. शेवटी पाठ दुखते म्हणून ती अर्ध्यातून उतरली. कंपनीच्या कागदावर पाठच आहे.

"घरी माहीत नाही," ती म्हणाली. "आईला कळलं तर पुन्हा बोटीवर पाठवणार नाही. मॅडम, तुम्हाला सांगितलं, बरं वाटलं."

विश्वास नळ बंद करून तसाच उभा होता. त्यानेही सगळं ऐकलं.

ती गेल्यावर मी गॅलरीत येरझारा घातल्या. माझ्या हातून ग्लास फुटला असता. त्या माणसाचं नाव तिने सांगितलं नाही. मी शोधून काढीन.


सोमवार, १७ मार्च

काल मी सरळ घरमालकिणीकडेच गेले. मिसेस को. पंच्याहत्तरीची बाई, गेटवर तुळशीच्या असते तेवढ्या कुंडीत कढीपत्ता वाढवते. म्हटलं, मुली राहिल्या तर तुमची हरकत काय आहे?

"हू से?" म्हातारी खवळलीच. "आय नेव्हर से! युवर मिस्टर मनोहर नेव्हर आस्क मी. गर्ल्स ऑल्सो कॅन, लाह. बट नो ड्युरियन इनसाइड." तो उग्र वासाचा फणस तेवढा नको.

म्हणजे वीस वर्षं! वीस वर्षं कोणी विचारलंच नव्हतं, आणि आम्ही सगळ्या एका म्हातारीवर मनातल्या मनात चिडत होतो!

लगेच सरांना फोन लावला. म्हातारीचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या आधीच्या अध्यक्षांनी मला तसंच सांगितलं होतं. मीही पुढे तेच सांगत आलो." आणि थोड्या वेळाने, "क्षिप्रा, ती खोली... दुपारी जरा पोरांचा आवाज येतो तिथे. बरं वाटतं." काय उत्तर आहे का हे? पोरांचा आवाज ऐकायला खोली लागते? मी फोन ठेवला.


रविवार, २३ मार्च

जिंकले!

धक्क्याच्या दिवाणखान्यात सर्वसाधारण सभा होती. तीसेक माणसं, पोरं जिन्यावर बसलेली. मी घरमालकिणीचं सांगितलं, तर हशा पिकला. कमिटीतला सौमित्र उठला. हा माझ्या मागच्या बॅचचा, आता एका शिपिंग कंपनीत मोठ्या पदावर आहे. म्हणाला, "परवानगी असेल, पण गरज काय? वर्षाला दोन-तीन मुली येतात. त्या काय रस्त्यावर राहतात? उगाच इश्यू करायचा."

उगाच. मग मी उभी राहिले आणि सांगितलं. जहाज, सेकंड इंजिनिअर, स्टोअर, चीफ, खोटी पाठदुखी. सगळं. म्हटलं, जहाजावरून अशी उतरलेली मुलगी इथे येते आणि आपण तिला संध्याकाळी दाराबाहेर काढतो. आपल्याच कॉलेजची मुलगी. नाव घेतलं नाही.

मनोहर सर खाली मान घालून बसले होते. मग तेच म्हणाले, "खोली मुलींना द्या. मी माझं सामान उद्या नेतो." सगळे हात वर.

तन्वी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे बघून हसले. ती माझ्याकडे बघत नव्हती. नंतर शोधली तर निघून गेली होती. भारावली असेल.


बुधवार, २६ मार्च

तन्वी फोन उचलत नाही. आज मेसेज आला: "मॅडम, ते माझं होतं."

एवढंच. काय अर्थ घ्यायचा याचा? मी तिचं नाव घेतलं का? नाही. तिच्याचसाठी भांडले की नाही? तिला खोली मिळाली की नाही? मी लांबलचक उत्तर लिहिलं. तिने वाचलं, निळ्या खुणा दिसल्या. उत्तर नाही.

जेवताना हे बोलत होते तर अश्लेषा पानातून डोकं न काढता म्हणाली, "शी टोल्ड यू ओन्ली, राइट? देन व्हाय यू टेल एव्हरीबडी?"

"मराठीत बोल. आणि तुला काय कळतंय त्यातलं?"

"नथिंग लाह," म्हणाली आणि ताट उचलून गेली. ही मुलगी हल्ली मला काहीच सांगत नाही. मागच्या महिन्यात शाळेतून रडत आली होती. काय झालं, म्हटलं, तर "इफ आय टेल यू, यू विल कॉल द स्कूल." अर्थात करीन फोन! आईने आणखी काय करायचं असतं? विश्वासला मात्र म्हणे सगळं सांगितलं, आणि तो मला सांगायला तयार नाही. घरातच गट पडलेत.


रविवार, ३० मार्च. पाडवा

धक्क्याच्या वरच्या खिडकीला गुढी बांधली. बांबू मिळेना, म्हणून पोरांनी फरशी पुसायच्या दांड्याला साडी नेसवली. श्रीखंड खाऊन सगळे कामाला लागलो.

न्हाणीघराची फरशी उखडली. खाली पाइपाचा सांधा सडून गेला होता. त्यावर आठ मरीन इंजिनिअर वाकून भांडत होते, आठांची आठ मतं. माझं बरोबर निघालं. सौमित्र आला नाही, त्याने पेढे पाठवले. मनोहर सर नाकाला फडकं बांधून वरच्या खोलीच्या भिंती खरवडत होते. या वयात त्यांना कोणी सांगितलं होतं? म्हटलं, "सर, उतरा शिडीवरून." तर म्हणाले, "घरी बसून काय करू?" मला वाटतं, माफी मागायची टाळाटाळ चाललीय.

तन्वी आली नाही. तिच्यासाठी फिकट पिवळा रंग निवडला होता. पोरांनी विचारलं, "त्यांना विचारलंत का रंग कुठला हवा?" मी म्हटलं, आवडेल तिला.


शुक्रवार, ४ एप्रिल



तन्वीच्या कंपनीतून तिला फोन गेला. तिच्या मॅनेजरने विचारलं, "तू सिंगापुरात आपल्या जहाजाबद्दल काय काय सांगत फिरतेस?" क्लास टू झाल्यावर तिला मिळायचं असलेलं पुढचं जहाज आता "बघू" झालंय. हे मला प्रतीकने सांगितलं, तिने नव्हे.

कोणी फोडलं? मी प्रतीकला धारेवर धरलं. तुम्ही पोरं रात्रंदिवस मोबाइलवर, तुमच्यातलाच कोणी बोलला असणार. त्याचा चेहरा लाल झाला. "मॅडम, आम्ही आठ जण आहोत. आम्हाला तन्वीचं जानेवारीपासून माहीत होतं."

"काय?"

"तिनेच सांगितलं होतं एकदा, जेवताना. म्हणून संध्याकाळी आमच्यातला कोणीतरी तिच्याबरोबर स्टेशनपर्यंत जातो. आम्ही कुणालाच बोललो नाही. बाहेर गेलं ते सभेतून गेलं, मॅडम."

मला उलट उत्तर! सभेत आपलीच माणसं होती. आपल्या माणसांत बोलायचं नाही तर कुठे बोलायचं? त्यांतल्या कोणीतरी दगा दिला. मला तर सौमित्रचाच संशय आहे, शिपिंगमधली सगळी मोठी माणसं त्याच्या ओळखीची आहेत. पण पुरावा नाही.


सोमवार, ७ एप्रिल

काल तन्वीने माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लिहिलं. इंग्रजीत, नीटनेटकं. "माझ्याबद्दल गैरसमज पसरला आहे. सभेत सांगितलेली घटना माझ्या बाबतीत घडलेली नाही. मी पाठीच्या दुखण्यामुळेच उतरले."

तीनशे माणसांच्या ग्रुपवर. मी खोटी पडले.

सौमित्रने लगेच अंगठा दिला. मग त्याचा मेसेज: "भावनिक गोष्ट रचून ठराव मंजूर करून घेणं योग्य आहे का? रविवारी पुन्हा मतदान घ्यावं." खाली माना डोलावणाऱ्यांची रांग. कोणीतरी लिहिलं, काही लेडीजना लक्ष वेधून घ्यायची सवय असते. ज्याने लिहिलं त्याचं जहाज ब्राझीलला बंद पडलं होतं तेव्हा रात्रभर फोनवर मी त्याला वाट दाखवली होती.

आणि ती! तिच्यासाठी मी हे सगळं अंगावर घेतलं. बिरडं खाऊन गेली माझ्या घरचं. एका ओळीत मला खोटारडी ठरवलं. एवढी कृतघ्न पोर मी आजवर पाहिली नाही. विश्वासला म्हटलं, "तू ऐकलंयस ना तिचं? तू साक्षीदार आहेस. लिही ग्रुपवर." तो म्हणाला, "उद्या बोलू." याचा उद्या कधी उगवत नाही.


शुक्रवार, ११ एप्रिल

आज वुडलँड्सला गेले. न सांगता गेले. तिच्या ब्लॉकखाली, रिकाम्या दगडी टेबलापाशी ती पुस्तक घेऊन बसली होती. वर नर्सबाई दिवसा झोपतात, म्हणून हिला खाली बसावं लागतं. मला बघून उठली. पाया पडते की काय वाटलं, पण निघून चालली होती.

मी म्हटलं, "तू मला खोटं का पाडलंस?"

"मॅडम, तुम्ही मला काय करायला लावलंत ते तुम्हाला कळतंय का?"

"मी तुझ्यासाठी..."

"माझ्यासाठी नाही." तिचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावर पत्ते खेळणारे काका वळून बघायला लागले. "तुम्हाला संध्याकाळी बाहेर काढायचे, ते भांडण तुम्ही अजून भांडताय. भांडा. पण माझं घेऊन नका भांडू. मी ठरवत होते. ओरल झाली, हातात सर्टिफिकेट आलं, की मग त्या माणसाविरुद्ध तक्रार करायची, नीट, पुराव्यासकट. वकिलाशी बोलले होते. आता कंपनी सावध झाली. आता मी म्हणते ते खरं कोण मानेल? मीच लिहून दिलंय की काही झालं नाही."

मी काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "आज तरी काही बोलू नका. प्लीज."

मी परत आले. गाडीत एसी होता तरी कानशिलं तापली होती. तिचं सगळंच बरोबर आहे असं नाही. पण "नीट, पुराव्यासकट" हे मला सुचलं नव्हतं. इंजिन बिघडलं तर मी आधी लॉग बघते, मग हात लावते. इथे मी हातोडा घेऊनच शिरले. याचाही राग येतोय, आणि हा कुणावर काढू?


शनिवार, १२ एप्रिल

दुपारी जेवण चालू असताना मनोहर सरांचा फोन आला. माझ्या नव्हे, विश्वासच्या मोबाइलवर. त्याने स्पीकरवर टाकला.

"विश्वास, उद्या मतदान आहे. मी पेचात आहे. क्षिप्रा खोटं बोलणारी नव्हे, हे मला माहीत आहे. पण ती मुलगी लिहिते की असं काही झालं नाही. क्षिप्राने मला फोनवर सांगितलं होतं की तुमच्या घरी तुझ्यासमोर ती मुलगी बोलली. तू एक शब्द दे. तू म्हणालास, हो, ऐकलं, तर मी सौमित्रला गप्प करतो. खोली राहते."

विश्वासने माझ्याकडे बघितलं. अश्लेषा घास हातात धरून माझ्याकडे बघत होती. मला ओरडावंसं वाटत होतं, सांग! सांग म्हणजे त्या सगळ्यांची तोंडं बंद होतील. ब्राझीलवाल्याचं तर कायमचं.

मी मान हलवली. नाही.

विश्वास जरा थांबला. मग म्हणाला, "नाही सर. मी भांडी घासत होतो. मला काही ऐकू आलं नाही."

"बरं," सर म्हणाले.

मग मी मोबाइल घेतला आणि ग्रुपवर लिहिलं: "सभेत मी सांगितलेली घटना तन्वीची नाही. दुसऱ्या कुणाचीतरी ऐकीव गोष्ट मी नीट खात्री न करता सांगितली. चूक सर्वस्वी माझी. कमिटीचा राजीनामा देत आहे." पाठवलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. दुःखाने नव्हे. संतापाने. खरं बोलणारी मी, आणि माफी मी मागितली.

बाहेर आले तर अश्लेषाने माझं ताट झाकून ठेवलं होतं.


रविवार, १३ एप्रिल

मतदान झालं. खोली गेली. "पुढील वर्षी फेरविचार." सौमित्रने मोठ्या मनाने माझे आभार मानले म्हणे, कामाबद्दल. मी गेले नव्हते.


शनिवार, १९ एप्रिल

काल गुड फ्रायडेची सुटी होती. दुपारी प्रतीकचा फोन आला. "मॅडम, येता का? सरांना पण बोलावलंय."

मला वाटलं, पाइप पुन्हा फुटला.

गेले तर सगळी पोरं दिवाणखान्यात. बार काउंटरसाठी आणलेली फळी भिंतीला टेकवून ठेवली होती. प्रतीक म्हणाला, "सर, मॅडम, इथे राहणाऱ्या आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. वरची खोली आम्ही मुलींना दिली. मतदानात आम्हाला मत नव्हतं. पण पाहुण्या सिनियर्सना चहा कोण देतं, चादरी कोण बदलतं, पहाटे विमानतळावर आणायला कोण जातं? आम्ही. खोली परत घेतली तर ते सगळं बंद."

मनोहर सर त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता स्फोट होणार. ते म्हणाले, "आणि संमेलनाला सौमित्र त्याचे पाहुणे घेऊन येईल ते?"

"हॉटेलात राहतील. त्यांना परवडतं."

सर हसले. चित्रावहिनींनंतर प्रथमच त्यांना हसताना बघितलं. मग प्रतीक म्हणाला, "आणि सर, या फळीचा काउंटर नाही करत. खिडकीजवळ दिवाण करतोय. दुपारी तुम्ही तिथे पडा. आवाज इथे जास्त येतो." सर उठून न्हाणीघर बघायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. इतका वेळ पाइप काय बघायचाय, कळलं नाही.

मी प्रतीकला म्हटलं, "मला का बोलावलंस? मी कमिटीवर नाही."

"वॉटरप्रूफिंगला तुम्ही लागणार ना, मॅडम. आणि एक सांगायचं होतं. इथून पुढे खोलीबद्दल काही ठरवायचं तर जी राहते ती ठरवणार. कमिटी नाही." थांबून म्हणाला, "तुम्ही पण नाही."

केवढं हे तोंड! क्षणभर त्याला चांगलं ऐकवणार होते. मग म्हटलं, "सिमेंट कुठाय?"


रविवार, ११ मे

संमेलन झालं. पार गळून गेले आहे.

तन्वी गेल्या आठवड्यात ओरल पास झाली. कंपनीने जहाज दिलं नाही. दुसऱ्या कंपनीने दिलं, महिन्याअखेर जातेय. तोवर थोडेच दिवस धक्क्यावर राहायला आली, तेही वुडलँड्सची खोली सुटली म्हणून. तिच्यानंतर जूनमध्ये दोन मुली येतायत.

खाली गर्दी होती. ब्राझीलवाला मला बघून कुणाच्या तरी कानात कुजबुजला, आणि दोघं हसले. मी त्याच्याशी हात मिळवला, जरा जोरातच. मनोहर सर दिवाणावर मांडी घालून बसले होते. मला शेजारी बसवलं आणि हळूच म्हणाले, "त्या दिवशी फोनवर विश्वास उत्तर द्यायला जरा जास्तच थांबला." मी म्हटलं, "त्याला सवयच आहे." ते म्हणाले, "असेल," आणि माझ्या ताटात स्वतःच्या ताटातला बटाटावडा ठेवला. उगाच उकरून काढायची सवय माणसांची.

मी वर गेले. खोलीचा पिवळा रंग जाऊन पांढरा आला होता. कोणी बदलला, विचारलं नाही. तन्वी ड्रिल घेऊन दाराशी उकिडवी बसली होती, आतल्या बाजूला कडी बसवत होती.

"दार जरा उचलून धरा, मॅडम. बिजागरी सैल आहे."

मी धरलं. तिने भोकं पाडली, स्क्रू बसवले. हात पक्का आहे.

"तुम्ही ग्रुपवर खोटं लिहिलंत," ती म्हणाली.

"हो."

"मी थँक यू म्हणणार नाही."

"नकोच म्हणूस."

स्क्रूड्रायव्हर पुसत ती म्हणाली, "त्या माणसाचं जे करायचं ते मी करतेय. काय, कसं, ते सांगणार नाही."

जिभेच्या टोकावर प्रश्नच प्रश्न होते. वकील कोण, चीफची साक्ष मिळतेय का, जहाजाचं नाव काय. माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, एका फोनवर काम होईल. मी दात घट्ट मिटले. अजूनही दुखतायत.

ती म्हणाली, "बघूया बसलीय का," आणि आत गेली. दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला. मी पॅसेजमध्ये उभी राहिले. आतून पलंगावर बसल्याचा आवाज आला, मग नाक ओढल्यासारखा. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले.

खालून सौमित्र ओरडला, "क्षिप्रा, ग्रुप फोटो! ती तन्वी वर आहे का? काय करतेय? आणि तिचं पुढे काय ठरलंय?"

"मला काय विचारतोस?" मी म्हटलं. "तिचं तिला विचार. आणि आत्ता नको."